मुरबाड स्टेशनातला फायरमन

मुरबाडला पहिली रेल्वेगाडी गेल्या वर्षी डिसेंबरात, एका रविवारी सकाळी आली. इंजिन वाफेचे होते, मागे तीन डबे. स्टेशनात भास्कर साळवे, त्यांची आई अनुसयाबाई, पत्नी सुमनताई, शहापूरचे फोटोग्राफर नंदू भोईर आणि मी असे पाच जण हजर होतो. गाडी थांबायच्या खुणेच्या दोन बोटे पुढे जाऊन थांबली.

गाडीची लांबी साधारण एक मीटर होती. स्टेशन साळवेंच्या अंगणात, चार स्टुलांवर ठेवलेल्या आठ फुटी फळीवर होते. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून ती येणार, ही बातमी मी ज्या वर्तमानपत्रात नोकरी केली त्याने बऱ्याचदा छापली. त्यातल्या काही बातम्या मीच लिहिल्या होत्या.

साळवे भातसानगरच्या धरण कार्यालयात आरेखक होते. ते नोकरीला लागले तेव्हा धरण बांधून झाले होते. त्यांनी आयुष्यभर कालव्यांचे आणि दरवाजांचे नकाशे काढले. वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये संसार झाला आणि निवृत्तीनंतर ते मुरबाडला वडिलांच्या दोन खोल्यांच्या घरी परतले. मागे पत्र्याची एक खोली वाढवली. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम असे. हॉटेलात चहा येईपर्यंत ते टेबलाच्या फळीची जाडी मोजत आणि कुणालाही न सांगता पट्टी परत ठेवत. कुठल्याही वस्तूला ते लहान म्हणत नसत. ‘सत्त्याऐंशीत’ म्हणत, कारण त्यांच्या रेल्वेतली प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी होती. “सत्त्याऐंशीत पायरी अडीच मिलिमीटर,” असे ते बोलत, तेव्हा नवख्या माणसाला तो एखाद्या गावाचा पत्ता वाटे.

त्यांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी वाकावे लागे. उभ्याने फळीकडे पाहिले की ते म्हणत, “वरून काय बघता? वरून घार बघते. फलाटावर उभे राहा.” मग पाहुण्याला गुडघे मोडून हनुवटी फळीच्या कडेला टेकवावी लागे. तहसील कार्यालयातले एक अधिकारी या आसनात अडकले होते. त्यांना उठवायला दोघे लागले. पण उठताना ते म्हणाले, “स्टेशन मोठं आहे हो.” साळवेंना मी इतके खूश झालेले क्वचितच पाहिले.

इंजिनाची चाके आणि मोटर त्यांनी विकत आणली होती. बाकी सगळे पितळी पत्रा, तांब्याची तार आणि प्लॅस्टिकच्या शीटमधून घरीच केले. रुळांखालची खडी म्हणजे काळ्या दगडाची कच, आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग चहाच्या गाळणीतून काढलेली. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. इंजिनामागच्या टेंडरमधला कोळसा मात्र कोळसाच, कुटून बारीक केलेला. सुमनताई हे सगळे दारातून पाहत आणि ठरलेले वाक्य बोलत: “अहो, चाळणी धुवून ठेवा. त्या दिवशी भाकरीत तुमचं स्टेशन लागलं दाताला.”

हे स्टेशन आईसाठी होते. साळवेंनी तसे कधी सांगितले नाही, अनुसयाबाईंनी सांगितले.

त्या इगतपुरीच्या. त्यांचे वडील तिथे फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. मुंबईकडून आलेले विजेचे इंजिन तेव्हा इगतपुरीला सुटे आणि पुढच्या प्रवासाला वाफेचे जोडले जाई. अनुसयाबाई लहानपणी वडिलांचा डबा घेऊन फलाटावर जात. छप्पन्न सालच्या धर्मांतराच्या सुमारास त्यांचे लग्न मुरबाडला ठरले, तेव्हा त्यांनी विचारले की तिकडे गाडी जाते का. वडील म्हणाले, आज नाही जात, पण जाणार आहे. पहिली गाडी मीच घेऊन येतो, तू फलाटावर उभी राहा.

“मी म्हनलं, वरीस दोन वरसात येल,” अनुसयाबाई मला म्हणाल्या. “सर्व्हेवाले यायचे ना रे. लाल बावटं घिऊन. मी त्यांना च्या द्यायची. एकालाबी तसा नाय जाऊ दिला.”

“काय विचारायच्या त्यांना?”

“काय इचारनार? साखर किती, तेवढंच. जास्ती इचारलं तर मानसं खोटं बोलत्यात.”

वडील मुरबाडला एकदाच आले. भास्करच्या बारशाला, कसाऱ्याहून शहापूर आणि तिथून पुढे एसटीने. निघताना लेकीला म्हणाले, “ही खेप धरायची नाय हां.” त्यानंतर ते आले नाहीत. इगतपुरीची वाफेची इंजिने गेली, त्याच्या आधीच ते गेले.

साळवे निवृत्त झाले त्याच वर्षी अनुसयाबाईंना काचबिंदू असल्याचे कळले. डॉक्टरांनी सांगितले की गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली टिकवायची. हा आजार कडेकडेने खात आत येतो. आधी बाजूचे दिसेनासे होते, मधले शेवटपर्यंत राहते. साळवेंनी घरी येऊन कागदाची नळी केली, डोळ्याला लावली आणि खोलीभर फिरले. आईला काय दिसते ते त्यांना पाहायचे होते. त्यानंतर त्यांनी स्टेशनचा आराखडा बदलला. यार्ड, मालधक्का, पुलाचा अर्धा भाग काढून टाकला. राहिले फक्त नळीतून दिसेल एवढे: एक फलाट, पाण्याची टाकी, पाटी, आणि इंजिन उभे राहायची जागा. नजर संपायच्या आत गाडी यायला हवी होती.

फोटोचे काम त्यांना नंदू भोईरने शिकवले. नंदूचा शहापूरला स्टुडिओ आहे. लग्ने, साखरपुडे, शाळांचे ग्रुप फोटो. भातसानगरला असताना साळवे ओळखपत्राचे फोटो काढायला त्याच्याकडे जात. पुढे स्टेशनचे फोटो घेऊन जाऊ लागले. आईला स्टेशन दाखवायचे, तर ते आधी कॅमेऱ्याला खरे वाटले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. “मला बरं वाटावं म्हणून ती हो म्हणेल,” ते म्हणत. “कॅमेरा कुणाची आई नाही.”

पहिले फोटो पाहून नंदू म्हणाला, “सायेब, नवरी लाजून हलते. तुमचं स्टेशन कशापायी हलतंय?”

त्यानेच सांगितले की मोबाइल उलटा धरा, म्हणजे भिंग खाली येते आणि फलाटावरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला बसते. त्यानेच सांगितले की खोलीतला बल्ब सोडा. सूर्य एकच आहे, सावलीही एकच पडते. म्हणून स्टेशन अंगणात येऊ लागले. फळीच्या मागे काही रंगवायची गरज उरली नाही. अंगणाच्या पूर्वेला सिद्धगडाचा डोंगर आहे, तोच फोटोत आला. त्या दिवसापासून फोटो खरे दिसू लागले. एक गोष्ट सोडून.

वाफ जमत नव्हती. कापूस लावला, तो कापूस दिसला. अगरबत्ती लावली, तिचा धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला. इंजिन देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे दिसू लागले. ऊद जाळला, तेव्हा शेजारच्या घरातून कुणी आजारी आहे का अशी विचारणा झाली. नंदूने कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत धूर टाकून दाखवला. साळवेंनी बराच वेळ पाहिला.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “काढून टाक.”

“अवो, कोणाला कळनार?”

“धूर टाकायचा नसतो, नंदू. निघायचा असतो.”

याच काळात मी त्यांच्यावर एक लेख लिहिला. सोबत फोटो छापला आणि खाली ‘प्रतिकृती’ असे स्पष्ट लिहिले. लेख आला त्याच आठवड्यात वैशाखऱ्याचे एक शेतकरी, धर्मा विशे, लेखाचे कात्रण घेऊन साळवेंच्या दारात उभे राहिले. मी तिथेच होतो.

विशेंनी फळीकडे पाहिले. त्यांना वाकायला सांगावे लागले नाही. फलाटाच्या पुढे रूळ माळशेजच्या बाजूला सरळ जात होता, त्या टोकाला साळवेंनी जुन्या नकाशावरून, अंतर आखडून, वैशाखऱ्याची एक विहीर दाखवली होती. विशेंनी तिच्यावर बोट ठेवले.

“सायेब, ही आमची इहीर. तुमची लाइन हिच्यावरून जातेय.”

साळवेंनी सांगितले की ही खरी लाइन नाही. हे घरी केलेले आहे. सरकारचा याच्याशी संबंध नाही.

“ते ठीक हाय. पन थोडी अलीकडं घ्या.”

“अहो, हे बघा, इंजिन कोळशाचं आहे. असली इंजिनं आता चालतात का?”

“इंजिन जुनं हाय, मला दिसतंय ना. रस्ता तर नवा हाय?”

सुमनताईंनी पाणी आणले. साळवेंनी पुन्हा समजावले, आरेखकाच्या शांतपणाने, पहिल्यापासून. विशेंनी सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, “तुमी धरनाचे सायेब. आमचं गाव धरनात गेलं, तवा मी पोर होतो. सासुरवाडीच्या जमिनीवर आलो मग इकडं. माझा बाप सांगायचा, कचेरीत टेबलावर धरन मांडलेलं, लाकडाचं न् मातीचं. आमच्या लोकांनी बघितलं, हसले, घरी आले. मंग पानी आलं.”

साळवेंनी खिशातली पट्टी काढली, विहिरीपासून रुळाचे अंतर मोजले आणि म्हणाले, “किती अलीकडे घेऊ?”

“बैल फिरंल येवढी जागा ऱ्हाऊ द्या.”

त्यांनी सत्त्याऐंशीत बैल किती हे काढले. पुढचे काही दिवस रूळ उखडून, त्याखाली वाफेवर नरम केलेल्या लाकडी पट्ट्या वाकवून त्यांनी लाइनला वळण दिले. विशे एकदा येऊन पाहून गेले आणि शेतातल्या वालाच्या शेंगा ठेवून गेले. त्या वळणाचा एक परिणाम साळवेंच्याही ध्यानात नव्हता. सरळ रुळावर येणारी गाडी समोरून फक्त एक काळा गोल दिसायची. वळणावर ती इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी दिसू लागली. गाडी माळशेजकडून येईल, असे त्यांनी तेव्हा ठरवले. दिशा चुकीची आहे, ती कल्याणकडून यायला हवी, असे मी म्हटले. “वळण तिकडे आहे,” ते म्हणाले.

इंजिनाच्या रंगावरून मात्र घरात तंटा झाला. साळवेंचा नियम होता की नवे दिसले की खोटे दिसते. त्यांनी तयार इंजिनाला चुलीची काजळी चोळली, गंजाची पूड लावली, टाकीखाली पाण्याचे ओघळ काढले. जुने फोटो शोधून मेळ घातला. ते काम इतके चांगले झाले होते की नंदूने हात लावून बोट पाहिले. अनुसयाबाईंनी इंजिन डोळ्याजवळ धरले, खालीवर फिरवून नजरेच्या टप्प्यात आणले आणि विचारले, “कोनाचं हे?”

“आजोबांचं, आये.”

“हॅट. बाबा चिचंनं पितळ घासायचे. तोंड दिसायचं त्यात.”

“फोटोत सगळी इंजिनं काळीच आहेत.”

“फोटो काढनारा कुठल्या बाजूला हुता?”

साळवेंनी दोन दिवस इंजिनाला हात लावला नाही. मग फलाटाकडची बाजू चकचकीत केली, पितळी पट्टे उघडे केले, आणि पलीकडची काळी राहू दिली. डबा घेऊन येणारी मुलगी फलाटाच्या बाजूनेच पाहणार, एवढेच त्यांनी मला सांगितले.

फलाटावर माणसे होती. तांब्याची तार आणि भेगा बुजवायची लांबी वापरून केलेली, नखाएवढी. गल्लीतल्या लोकांनी आपापली जागा सांगून ठेवली होती. किराणावाल्याला बाकावर बसायचे होते. पोस्टातल्या बाईंना छत्री हवी होती, ती मिळाली. साळवेंनी आईला विचारले, तुला कुठे उभी करू. अनुसयाबाई चिडल्या.

“मी जिती हाय तवर माझा बाहुला नको. गाडी आली म्हंजे मी येन की माझ्या पायानी.”

त्या डिसेंबरात थंडी चांगली पडली. वाफेचा प्रश्न थंडीनेच सोडवला. हवा गार असेल तर खरी वाफ दाट दिसते आणि ऊन समोरून आले तर उजळते, हे नंदूला माहीत होते, पण ती खालून आणायची कल्पना सुमनताईंची. त्यांनी जुना कुकर दिला. अंगणातल्या चुलीवर कुकर, झाकणावरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी, नळी फळीच्या खालून रुळांमधल्या भोकात, आणि इंजिनाचे धुरांडे पोकळ. इंजिन बरोबर भोकावर थांबले तरच वाफ वर येणार होती.

“कुकर परत मिळंल ना?” सुमनताईंनी विचारले.

“मिळेल.”

“शिट्टीबी?”

“शिट्टी खिशात आहे.”

रविवारी ऊन डोंगरावर आले तेव्हा अनुसयाबाई हिरवे लुगडे नेसून बाहेर आल्या. त्यांच्यासाठी फळीच्या टोकाला खुर्ची ठेवली होती, पण त्या बसल्या नाहीत. सुमनताईंचा हात धरून फलाटापाशी वाकल्या, हनुवटी फळीला टेकवली आणि एक डोळा मिटला. साळवेंनी बटण फिरवले. गाडी विशेंच्या विहिरीजवळच्या वळणावर आली, सगळी दिसली, फलाटाला लागली आणि दोन बोटे पुढे गेली. वाफ धुरांड्याऐवजी इंजिनाच्या चाकांमधून निघाली.

“डायवर नवा दिसतोय,” अनुसयाबाई म्हणाल्या.

नंदू एवढा हसला की त्याला मोबाइल खाली ठेवावा लागला. साळवे हसले नाहीत. त्यांनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा आणली. या वेळी इंजिन खुणेवर थांबले. क्षणभर काही झाले नाही. मग धुरांड्यातून वाफ निघाली, गोळ्यागोळ्यांनी, आणि डोंगराच्या निळ्या कडेवर पसरली. नंदूने उलट्या मोबाइलने फोटो घेतले. अनुसयाबाई हलल्या नाहीत. इंजिनाच्या केबिनमध्ये साळवेंनी दोन माणसे केली होती. ड्रायव्हर पुढे पाहत होता. फायरमन फावडे घेऊन भट्टीकडे वाकला होता, कारण गाडी चालवताना फायरमन तसाच असतो.

अनुसयाबाई म्हणाल्या, “पाठच दिसते रे.”

“काय, आये?”

“बाबांची. पाठच दिसते. काम करत असत्याल.”

त्यांनी थोडी वाट पाहिली. कुकरमधले पाणी संपत आले आणि वाफ पातळ झाली. सुमनताईंनी त्यांना उठवून खुर्चीत बसवले.

त्या दिवशीचे फोटो नंदूच्या मते आजवरचे सर्वांत चांगले होते. साळवेंनी त्यातला एकही बाहेर दिला नाही. मी वर्तमानपत्रासाठी मागितला. ते म्हणाले, अजून झालेला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते नवा फायरमन करायला बसले. केबिनच्या कठड्यावर कोपर टेकलेला, बाहेर झुकलेला, तोंड फलाटाकडे. आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. नाक कसे होते ते आईला विचारून विचारून त्यांनी केले, आणि शिजलेल्या भाताच्या दाण्याएवढ्या त्या डोक्यावर तीन वेळा नाक बदलले. हे सगळे होईपर्यंत फेब्रुवारी आला. पुतळा तयार झाला तेव्हा अनुसयाबाईंना उजेड-अंधार कळत होता, बाकी काही नाही.

साळवेंनी इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवले. मी समोर बसलो होतो. अनुसयाबाईंनी बोट धुरांड्यावरून मागे नेले, टेंडरचा कोळसा चाचपला, परत पुढे आणले. केबिनपाशी बोट थांबले.

“हे काय बाहेर आलंय?”

“आजोबा.”

“तोंड कुठं?”

“तुझ्याकडे.”

त्यांनी बोट तिथेच ठेवले. साळवेंनी काजळीचा हात लुंगीला पुसला आणि चहा करायला आत गेले. सुमनताई घरात असताना चहा त्यांनी केलेला मी तेवढाच पाहिला. त्यांनी दोन वेळा आतून हाक मारून विचारले, साखर किती.

मार्चमध्ये अनुसयाबाई गेल्या. घरी, सकाळी, झोपेत.

स्टेशन उन्हाळा आणि पावसाळाभर मागच्या खोलीत चादरीखाली होते. नंदू दोनदा येऊन गेला. साळवेंनी चादर काढली नाही. मुरबाडच्या रेल्वेच्या बातम्या मधल्या काळात दोनदा आल्या. साळवेंनी त्या वाचल्या का, ते मला माहीत नाही.

या नोव्हेंबरात, थंडी पडल्यावर, मी भल्या सकाळी वैशाखऱ्याहून परत येताना त्यांच्या घरावरून गेलो. फळी अंगणात होती. चुलीवर कुकर होता. साळवे एकटेच होते. गुडघे मोडून, हनुवटी फळीला टेकवून, उलटा मोबाइल फलाटाच्या टोकाला धरून बसले होते. ऊन अजून डोंगरावर यायचे होते. मी हाक मारली नाही.

त्या दिवशीचा एक फोटो नंदूने मोठा करून शहापूरच्या स्टुडिओच्या काचेत लावला आहे, लग्नाच्या दोन फोटोंच्या मध्ये. त्यात धूर नंतर टाकलेला नाही, याची मी नंदूकडे खात्री करून घेतली. फोटोत इंजिन मुरबाडच्या फलाटाला उभे आहे, वाफ सिद्धगडावर गेली आहे, आणि फायरमन बाहेर झुकून पाहतो आहे. पाण्याच्या टाकीजवळ, पूर्वी रिकाम्या असलेल्या जागी, हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी आहे. तिच्या हातात डबा आहे.